लाटेवरचा टोप

सासूबाई शेजारच्या गावात मयताला गेल्या आणि एर्वे केर्लोकने आपला लाकडी सर्फबोर्ड त्यांच्या इस्त्रीच्या खोलीत आणला. जिन्यापाशी वळवताना बोर्डाचं शेपूट कठड्यावर आपटलं, म्हणून नोलवेनला, म्हणजे त्याच्या बायकोला, पत्ता लागला.

"तो ओंडका घेऊन कुठं चाललास?"

"ओंडका नाही. सर्फबोर्ड आहे."

"आईच्या खोलीत? शुद्धीवर आहेस ना?"

"अगं, गॅरेजात गारठा आहे. गारठ्यात इपॉक्सीची राळ धरत नाही. शिवाय धूळ! मागच्या बोर्डात अख्खी गांधीलमाशी अडकली होती, आठवतंय ना? इथं बघ. शेगडी पेटलेली, धुळीचा कण नाही, टेबल सपाट. देवानं ही खोली इपॉक्सीसाठीच बनवलीय."

"देवानं नाही, आईनं बनवलीय."

"तुझी आई मयताच्या जेवणातला शेवटचा केक संपल्याशिवाय उठत नाही. तोवर बोर्ड हाताला चिकटणार नाही इतपत सुकेल, मी गॅरेजात ठेवून येईन, आणि तिला वासही लागणार नाही."

राळेच्या डब्यांचा वास तर आत्ताच लागत होता; पण नोलवेनला क्रेपच्या धिरड्यांचं पीठ भिजवायचं होतं. ती "मला काही माहीत नाही" म्हणून निघून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या वाक्याला परवानगी समजतात हे एर्वेला कळलेलं होतं.

खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर लाकडी चिमट्यांनी पांढरीशुभ्र भरतकामाची लेस टांगलेली होती. केरवेनेकला जुलैत टोपांची जत्रा भरते. त्या दिवशी म्हाताऱ्या बायका डोक्यावर हातभर उंचीचे लेसचे टोप घालून चर्चपासून समुद्रापर्यंत मिरवतात. ही लेस धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून आधी सपाट कडक करायची आणि मग जत्रेच्या सकाळी गुंडाळून डोक्यावर उभी करायची. पंचक्रोशीत हे काम एर्वेच्या सासूबाई कोरेंतीन करत. लेसवर त्यांच्या हाताखेरीज दुसऱ्या कुणाचा हात पडलेला त्यांना चालत नसे. म्हणून एर्वेने बोर्ड टेबलावर ठेवताना दोरीपासून चांगलं अंतर राखलं. त्याची नियत साफ होती, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं.

एर्वे मासळी बाजारात बर्फाची यंत्रं सांभाळायचा. दिवसभर थंडीत काम आणि घरी आल्यावर लाकूड. हा त्याचा तिसरा बोर्ड. पहिल्याने सांध्यांतून पाणी प्यायलं आणि तो किनाऱ्यावर परत आला तेव्हा त्याला उचलायला चार माणसं लागली. दुसरा मधोमध मोडला. हा तिसरा मात्र मनासारखा झाला होता. आत माशाच्या काट्यांसारखा सांगाडा, वर देवदाराच्या पातळ पट्ट्या, एक तांबूस, एक पिवळसर. अख्खा हिवाळा त्यात गेला होता. आता त्याच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून इपॉक्सी चढवली की झालं. नव्या वर्षाच्या गावजेवणात सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, तिसरा पेला चढल्यावर त्याने ध्वनिक्षेपक हातात घेऊन सांगितलं होतं, की जत्रेच्या दिवशी मी माझ्या हातच्या फळीवर उभा राहून किनाऱ्याला लागणार. गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. ज्यांनी एर्वेला लाटेवर पाहिलं होतं, त्यांनी जरा जास्तच वाजवल्या होत्या.

कापड अंथरून झालं आणि दार उघडून लोईक आत आला. लोईक नोलवेनचा धाकटा भाऊ. किनाऱ्यावर त्याचं फोमच्या बोर्डांचं दुकान होतं आणि दाजींची थट्टा हा त्याचा जोडधंदा.

"वा दाजी, शवपेटी छान झालीय. कुणाची?"

"हसून घे. जत्रेत बघशील."

"काय बघणार? तुम्ही लाट आली की टोकाकडे पळता. टोक पाण्यात जातं, बोर्ड उभा राहतो आणि तुम्ही आडवे होता. किती वर्षं सांगतोय, मागं उभे राहा, मागं!"

"मागं राहून वेग येत नाही."

"पुढं जाऊन तुम्हाला नाकात पाणी येतं, तेवढंच येतं."

एर्वेला राग आला. राग आल्यावर माणसाने इपॉक्सी कालवू नये. राळ आणि ती घट्ट करणारं हार्डनर थोडं थोडं कालवायचं, पसरट भांड्यात ओतायचं, संपलं की पुन्हा कालवायचं, हे त्याला पाठ होतं. पण लोईकला उत्तर देण्याच्या नादात त्याने सगळीच राळ एका उभट बादलीत ओतली, सगळंच हार्डनर तिच्यात घातलं आणि ढवळता ढवळता वाद सुरू ठेवला. मग तो बोर्डाकडे वळला. मधोमध राळ ओतून पट्टीने कडांकडे ओढायला लागला, तसं ते पांढरं कापड भिजून दिसेनासं झालं आणि खालचं लाकूड एकदम उजळलं. लोईकसुद्धा वाकून बघू लागला.

"आयला, दाजी! हे मात्र..." तो म्हणाला आणि थांबला. "बादलीतून धूर का येतोय?"

बादलीतून खरंच धूर येत होता. इपॉक्सी एकत्र साठून राहिली की स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते, एखाद्या घरगुती भांडणासारखी. एर्वेने बादलीला हात लावला आणि ओरडला. खोलीत जळक्या प्लास्टिकचा उग्र वास कोंडला.

"खिडकी! खिडकी उघड!"

लोईकने खिडकी उघडली. पश्चिमेची. केरवेनेकमध्ये पश्चिमेची खिडकी उघडण्याआधी लोक टेबलावरचे कागद दाबून ठेवतात, पेले हातात घेतात आणि लहान मुलांना मांडीवर बसवतात. वारा आत शिरला. दोरी ताणली, चिमटे टकाटक उडाले. एर्वे बादली घेऊन अंगणात धावला, ती दगडांवर ठेवली आणि परत आला. लोईकने खिडकी लावली होती आणि तो खिडकीला पाठ लावून पुतळ्यासारखा उभा होता.

"काय झालं?"

लोईकने नुसतं बोट दाखवलं.

दोरीवरची एक लेस उडून बोर्डाच्या पुढच्या भागावर पडली होती. अगदी सपाट, पसरलेली, एका अंगाला जराशी तिरकी. आणि ती हळूहळू भिजत होती. पांढरी फुलं, मोराच्या पिसांची नक्षी, सूर्याची चक्रं एकेक करून लाकडात उतरत होती.

"उचल!" एर्वे म्हणाला.

"तुम्ही उचला. तुमच्या हातात मोजे आहेत."

एर्वेने एक कोपरा धरून ओढला. लेसबरोबर खालचं काचेचं कापडही उठलं. त्याने सोडून दिलं. लोईकने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला, तर त्याची लोकरी बाही चिकटली. ती सोडवेपर्यंत नोलवेन पिठाचे हात घेऊन दारात आली.

तिने बोर्ड पाहिला, दोरी पाहिली आणि खुर्चीत बसली. "कुणाचा टोप आहे हा?"

"तुझ्या आईचा असेल," एर्वे म्हणाला. "इथं सगळं तिचंच आहे."

"मग तू आजपासून गॅरेजात राहा. कायमचा."

"मी म्हणतो वाऱ्यानं नेला म्हणून सांगू," लोईक म्हणाला. "पन्नास टक्के खरं आहे."

एवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं. कोरेंतीनबाई केक न संपवता परतल्या होत्या. पाद्रीबुवांना मृत म्हातारीबद्दल चांगलं बोलायला फारसं काही सापडलं नाही, त्यामुळे प्रार्थना लवकर आटोपली आणि जेवणही बेताचंच होतं. त्यांचा मूड आधीच ठीक नव्हता. त्या खोलीत आल्या. तिघेही बोर्डापुढे ओळीत उभे राहिले, त्यामुळे काहीतरी लपवलंय हे लगेच कळलं.

"बाजूला व्हा."

तिघे बाजूला झाले.

कोरेंतीनबाईंनी बोर्ड पाहिला. मग त्या दोरीकडे गेल्या, उरलेली लेस एकेक करून पाहिली आणि परत बोर्डापाशी आल्या. चष्मा लावला. वाकल्या.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ समाधान पसरलं की एर्वेला हुंदका आला. "माझा हा बघ इथं. अगदी सुखरूप. हा फिलोमेनचा."

फिलोमेनचं नाव त्या घरात सहसा घेतलं जात नसे. फिलोमेन आणि कोरेंतीन शाळेपासूनच्या एकमेकींच्या शत्रू. गावात सगळ्यात उंच टोप कुणाचा, हा वाद त्या दोघींमध्ये पन्नास वर्षं चालू होता. एकीने बोटभर वाढवला की दुसरी पुढच्या जत्रेला दोन बोटं वाढवायची. खळीसाठी टोप मात्र फिलोमेनही कोरेंतीनकडेच द्यायची, कारण तेवढं चांगलं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं आणि हे मान्य करणं तिला दरवर्षी जड जायचं.

कोरेंतीनबाईंच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू ओसरलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "ती म्हणेल मी मुद्दाम केलं."

"मग काढून टाकू? फाटेल, पण..."

"फाडता? फिलोमेनच्या आईच्या हातचं भरत आहे ते! तिच्या आईनं मला लहानपणी जिवावरच्या तापात मांडीवर घेतलं होतं." मग त्या पुन्हा वाकल्या आणि त्यांची भुवई वर गेली. "तिरका पडलाय."

"सासूबाई, आत्ता तिरकं-सरळ..."

"जावईबापू, ही इस्त्री माझी आहे. जत्रेत सगळं गाव बघणार. कोरेंतीनच्या हातची लेस तिरकी, असं मी ऐकून घेणार नाही. मोजे द्या इकडं."

त्यांनी एर्वेचे जादा मोजे चढवले, नोलवेनला दुसरी बाजू धरायला लावली आणि दोघींनी मिळून, राळ अजून ओली होती तोवर, टोप इंच इंच सरकवून बोर्डाच्या मधल्या रेघेवर आणला. एर्वेने अंगणातून पळत जाऊन शेजारच्या नावबांधणीवाल्याकडून डबाभर राळ मागून आणली आणि या वेळी शहाण्यासारखी ताटात थोडी थोडी कालवली. वरून ओतली. लेस आत बुडाली. खिडकीतून ऊन आलं तेव्हा असं वाटलं, की देवदाराच्या लाकडावर उथळ पाणी आहे आणि तळाशी कुणी फुलं मांडून ठेवलीत.

"चांगलं दिसतंय," लोईक हळूच म्हणाला.

"तोंड बंद ठेव," त्याची आई म्हणाली.

फिलोमेनला सांगायला कुणी जायचं, याबद्दल फार चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी, बोर्ड दगडासारखा कडक झाल्यावर, एर्वेने तो गाडीच्या टपावर बांधला. टोप परत करायचा तर बोर्डासकट न्यावा लागणार होता.

फिलोमेनकाकूंनी दार उघडलं. कमरेत किंचित वाकलेल्या, पण आवाज बंदरावर माणसं हाकणाऱ्याचा.

"कोरेंतीनचा जावई ना तू? माझा टोप झाला?"

"झाला, काकू. म्हणजे... जरा जास्तच झाला."

त्याने बोर्ड आडवा करून अंगणातल्या बाकावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बादली, धूर, खिडकी, वारा. स्वतःच्या मूर्खपणातलं काहीही गाळलं नाही, कारण गाळण्याइतका वेळ काकूंच्या नजरेने दिला नाही. त्या बोर्डाभोवती एक फेरी मारून आल्या. मग तळहात लेसवर ठेवला. हात घसरून गेला.

"लागत नाही हाताला," त्या म्हणाल्या.

"आत आहे. वर राळ."

"कसर लागेल?"

"नाही."

"उंदीर?"

"दात पडतील त्यांचे."

"पिवळी पडेल?"

"वरून वॉर्निश देईन. उन्हाचं काही चालणार नाही."

काकू बाकावर बसल्या. "ह्या बाजूला कसर लागली होती बघ. मी कोरेंतीनला दिसू नये म्हणून रफू करून देत होते. दोन्ही पोरी रेनला, शहरात. एक म्हणते, आई, तो टोप फ्रेम करून ठेवू. दुसरीला तर त्याची भीती वाटते. मी गेले की तोही माझ्याबरोबर पेटीत जाणार, असंच मी धरून चालले होते." एर्वे उभ्या उभ्या घामाघूम झाला होता. "आता मला सांग, हा बोर्ड उभा केला तर किती उंच होतो?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा उंच, काकू."

"कोरेंतीनच्या टोपापेक्षा?"

एर्वेला प्रश्नाचा रोख कळला. "खूपच."

फिलोमेनकाकू आयुष्यात पहिल्यांदा कोरेंतीनच्या घरच्या माणसाकडे बघून हसल्या. "मग मिरवणुकीत माझ्या शेजारून तो उभा धरून तू चालायचं. माझा टोप आहे तो. आणि समुद्रात गेलास की उभा राहायचं. माझ्या आईचा टोप कधी कुणापुढं वाकला नाही. पाण्यातही वाकायचा नाही. आणि ऐक, लेसला पाय लावायचा नाही हं!"

"काकू, पण पुढं गेल्याशिवाय..."

"पाय लावलास तर मी पोहत येईन."

पुढचे आठवडे एर्वेचे हाल झाले. घरी सासूबाई बोलत नव्हत्या, कारण "तुमच्यामुळे गावातला सगळ्यात उंच टोप आता फिलोमेनचा" ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. समुद्रावर तो लोईकचा जुना फोमचा बोर्ड घेऊन सराव करी, कारण टोपाचा बोर्ड जत्रेआधी पाण्यात न्यायची छाती नव्हती. आणि त्या फोमवर लेस नव्हती, त्यामुळे लाट आली की पाय सवयीने पुढे पळत आणि एर्वे सवयीने तळाशी जाई. लोईकने थट्टा करायचंसुद्धा सोडून दिलं. त्यावरून परिस्थिती किती वाईट होती हे लक्षात यावं.

जत्रेच्या सकाळी मिरवणूक निघाली. बँड, झेंडे, मखमली पोशाख आणि वाऱ्यात डोलणारे टोप. सगळ्यात पुढे कोरेंतीनबाई, मान ताठ, टोप मागच्या वर्षीपेक्षा दोन बोटं उंच. त्यांच्या शेजारी बोडक्या डोक्याच्या फिलोमेनकाकू आणि त्यांच्या बाजूला उभा बोर्ड कवटाळून चालणारा एर्वे. लोकांनी आधी बोर्ड पाहिला, मग बोर्डातली लेस पाहिली, मग पुढे येऊन हात लावून पाहिली. चर्चच्या चौकात तर बँड थांबला, कारण बासरीवालेच बघायला आले होते. कोरेंतीनबाईंकडे कुणी पाहिलं नाही. त्या सरळ समोर बघत चालत राहिल्या.

किनाऱ्यावर वाळूत माणसांची भिंत उभी होती. एर्वे बोर्ड घेऊन पाण्यात शिरला. पहिली लाट त्याने सोडली. दुसरी सोडली. मागून लोईकचा आवाज आला, "दाजी, आता पुढच्या जत्रेची वाट बघणार का?"

तिसरी लाट आली, हिरवी आणि भरलेली. एर्वेने हात मारले, बोर्ड उचलला गेला, तो उठला. आणि पाय पुढे टाकणार तेवढ्यात खाली ती लेस दिसली. उन्हात एकेक टाका स्पष्ट. त्याला फिलोमेनकाकू पोहत येताना दिसल्या. पाय जागच्या जागी थबकला. पुढे जायला जागाच नव्हती, म्हणून तो मागेच उभा राहिला, गुडघे वाकवून, हात पसरून, तोंडाने काहीतरी बडबडत.

टोक पाण्यात गेलं नाही. ते वर राहिलं, फेसाच्या वर, आणि त्याच्यासोबत लेसही. लाट फुटली तरी बोर्ड पळतच राहिला. एर्वे उभा होता! त्याला स्वतःला ते कळायला वेळ लागला आणि कळलं तेव्हा त्याच्या तोंडून जी आरोळी निघाली ती बँडच्या वरताण होती. किनाऱ्यावर नोलवेन उड्या मारत होती. लोईक बूट घालूनच पाण्यात धावला. "मागं! मागं राहिले! दाजी मागं राहिले!" असं तो दिसेल त्याला सांगत होता. म्हाताऱ्या बायका एका हाताने टोप सावरत दुसऱ्या हाताने रुमाल फडकवत होत्या. बोर्ड वाळूला लागला आणि एर्वे उभ्याउभ्याच त्यावरून खाली उतरला, बसमधून उतरावं तसा.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. नावबांधणीवाल्याने, ज्याची राळ अजून परत द्यायची होती, बोर्डाला सगळ्यांदेखत सलाम ठोकला. लोईकने घसा खाकरून कबूल केलं, की असा बोर्ड त्याच्या दुकानात नाही, होणारही नाही. फिलोमेनकाकूंनी एर्वेचे दोन्ही गाल पकडून मुके घेतले. त्या वाऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांचे पांढरे केस सगळीकडे उडत होते.

गर्दी सायडरच्या तंबूकडे वळली, तेव्हा एर्वे बोर्ड पुसत मागे राहिला. थोड्या अंतरावर सासूबाई आणि फिलोमेनकाकू वाळूत उभ्या होत्या. आता भांडण होणार म्हणून तो लगबगीने जवळ गेला.

"अगं, काय सांगू," फिलोमेन म्हणत होती, "सकाळपासून डोकं दुखलं नाही. एक पीन नाही टोचली. वारा आला तर आला! पन्नास वर्षं जत्रेच्या रात्री मी मानेला गरम वाळूची पिशवी लावून झोपते."

"तू पण?" कोरेंतीनबाई म्हणाल्या.

"मग घालायचीस कशाला?"

"तू घालायचीस म्हणून."

मग कोरेंतीनबाईंनी डोक्याकडे हात नेले, एकेक पीन काढून दातांत धरली, तो दोन बोटं वाढवलेला टोप उचलला आणि मागे न बघता जावयाच्या ओल्या हातांत दिला.

"धरा, जावईबापू."

"सासूबाई, भिजेल हो! परत कधी घालणार?"

पण त्या ऐकायला थांबल्या नव्हत्या. फिलोमेनचा हात धरून, मखमली घागरे घोट्यांपर्यंत उचलून, दोघी समुद्राकडे निघाल्या होत्या.